आमच्या सर्व्हरवर कोण येऊन राहिलं?

घाटंजीत माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शेतकरी ओळख क्रमांक, जे काम येईल ते. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि दुकानासमोर रांग लागली. अर्ज भरला म्हणजे माणूस सुटला असं मात्र होत नाही. पारव्याहून, टिपेश्वरच्या जंगलाला लागून असलेल्या गावांतून बाया-माणसं तिकिटाचे पैसे खर्चून एवढंच विचारायला यायची, "भाऊ, माह्या फारमचं काय झालं?" मीही मान वर न करता सांगायचो, "पेंडिंग आहे."

तेव्हा डोक्यात आलं, एक लहानशी वेबसाइट करावी. टोकन क्रमांक टाकला की अर्ज कुठे अडला ते मोबाइलवर दिसावं. गल्लीत एका पोराकडे चांगला फोन असला तरी सगळ्या गल्लीचं भागतं. भाचा पुण्याला, हिंजवडीत नोकरीला. त्यानं साइट बनवून द्यायचं कबूल केलं, पण अट घातली. "मामा, साइट मी बनवतो, सर्व्हर तुम्ही सांभाळा. रात्री दोनला मला फोन करायचा नाही."

मी बी.कॉम. झालेला माणूस. सर्व्हरबद्दल माझं ज्ञान तहसीलबाहेर ताटकळणाऱ्या कोणाही माणसाएवढंच: तो 'डाऊन' असतो.

महिन्याला काही शे रुपये भाड्यानं मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक सर्व्हर घेतला. म्हणजे आख्खं यंत्र नाही, मोठ्या यंत्रातला एक तुकडा. त्यावर उबंटू लिनक्स. समोर काळा पडदा. माउस नाही, चित्रं नाहीत, फक्त टाइप करायचं. आणि त्याची एक सवय मला बरेच दिवस उमगेना. सांगितलेलं काम नीट झालं तर तो काहीच बोलत नाही, नुसता पुढच्या ओळीवर येऊन थांबतो. मी उगाच तोच आदेश पुन्हा द्यायचो. 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे' असं हिरव्या अक्षरांत वाचायची सवय लागलेल्या माणसाला हे मौन झेपत नाही.

साइट अजून चढवली नव्हती. नाव घेतलं नव्हतं. पत्ता मी आणि भाचा सोडून कोणाला माहीत नव्हता. तरी दुसऱ्याच सकाळी भाचा म्हणाला, "मामा, ऑथ डॉट लॉग उघडून पाहा."

ही सर्व्हरची नोंदवही. कोण आत येऊ पाहतं ते तिच्यात वेळेसकट लिहिलं जातं. उघडली तर पडदा भरून ओळी धावू लागल्या. एका ओळीत आधी वेळ, रात्री सव्वातीनची, मग 'फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर ॲडमिन', मग आकड्यांचा एक पत्ता, शेवटी एसएसएच. तिच्या खालची ओळ तशीच, फक्त ॲडमिनच्या जागी टेस्ट. त्याखाली उबंटू. मग ओरॅकल, पोस्टग्रेस, गेस्ट, पाय. आणि मधूनमधून, न थकता, रूट. रात्रभरात अशा ओळी हजारोंनी जमल्या होत्या.

माझ्या तोंडून निघालं, "कोण येऊन राहिलं बे हे? आपण काय घोडं मारलं कोणाचं?"

"तुमच्यासाठी कोणी आलं नाही, मामा. त्यायले घाटंजी माहीतच नाही," भाचा म्हणाला. पुण्यात राहून त्याची भाषा बदलली आहे, पण मला समजावताना तो आपसूक वऱ्हाडीवर येतो.

मग त्यानं हिशोब सांगितला. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे, पत्ते एकूण सुमारे 429 कोटी. ऐकायला अफाट. पण 2013 साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन बनवलं आणि एका साध्या संगणकावरून, चांगल्या वेगाच्या जोडणीवर, हे सगळे पत्ते 45 मिनिटांच्या आत तपासता येतात हे दाखवून दिलं. 45 मिनिटांत यवतमाळची एसटीसुद्धा पोहोचेल याची खात्री नाही. तेव्हा माझा सर्व्हर कोणी 'शोधला' नव्हता. कुठलासा प्रोग्राम सगळे पत्ते ओळीनं ठोठावत चालला होता, त्यात माझाही आला. आमच्याकडे रोही कोणाचं वावर आहे ते पाहत नाही. कुंपण कुठं मोडलं तेवढं पाहतो. तोच प्रकार.

आणि ती नावं? तीही कोणाच्या कल्पनेतून आलेली नाहीत. 2016 मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच्याकडे हत्यार काय, तर कारखान्यातून येणाऱ्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी. ॲडमिन-ॲडमिन, रूट-12345 अशा. त्या ताब्यातल्या उपकरणांनी 21 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर विनंत्यांचा असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. हे ऐकता ऐकता माझी नजर दुकानातल्या सीसीटीव्हीकडे गेली. बसवणाऱ्यानं दिलेला पासवर्ड तोच चालू होता. सर्व्हरचं राहू द्या, पहिलं काम कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायचं केलं.

मला वाटलं होतं, आता भाचा एखादं भारी सॉफ्टवेअर सांगेल, अँटिव्हायरससारखं. पैसे भरायचे, टाकायचं, विसरायचं. त्यानं उलटंच सुरू केलं. प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून एकच प्रश्न: "हे लागते का आपल्याले?" नाही म्हटलं की काढ.

रूट हा सर्व्हरचा सर्वाधिकारी. त्यानं बाहेरून थेट आत यायची गरज आहे का? नाही. मग माझ्या नावाचा साधा वापरकर्ता केला आणि रूटचा बाहेरून येण्याचा रस्ता बंद केला. गरज पडली तर 'सुडो' म्हणून तेवढ्या कामापुरते अधिकार घ्यायचे.

पासवर्ड लागतो का? इथे मी अडलो. पासवर्डशिवाय आत कसं जायचं? तर त्याऐवजी किल्ल्यांची जोडी असते. आपल्या लॅपटॉपवर एक आदेश दिला की दोन फायली तयार होतात. एक सार्वजनिक, ती सर्व्हरवर ठेवायची. दुसरी खासगी, ती लॅपटॉप सोडून कुठेही जात नाही. तिलाही वरून एक परवलीचं वाक्य लावायचं. आत शिरताना सर्व्हर गणिताच्या आधारे ताडून पाहतो की समोरच्याकडे खासगी फाइल आहे, आणि ती फाइल वाटेवर पाठवावीही लागत नाही. एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्याची ही पद्धत, मुळी अशाच त्रासातून जन्मली. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी ती लिहिली. आधीच्या दोन जुन्या सेवांचे पोर्ट, म्हणजे दारांचे क्रमांक, 21 आणि 23; मधला 22 मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. आज माझ्या सर्व्हरवर रात्रभर ठोकर बसते ती त्याच 22 वर.

किल्ली चालू झाल्यावर पासवर्डनं आत येणं बंद करायचं. या एका ओळीच्या बदलापाशी माझे हात थांबले. चुकलं तर मीच बाहेर, आणि यंत्र मुंबईत. भाच्यानं दिलेली सूचना नवख्या माणसानं लिहून ठेवावी अशी आहे: चालू असलेली खिडकी बंद करायची नाही, दुसरी खिडकी उघडून तिच्यातून आत जाता येतं का ते पाहायचं, आलं तरच पहिली सोडायची. फायरवॉल लावतानाही तेच. उबंटूत यूएफडब्ल्यू नावाची सोपी फायरवॉल मिळते. आधी तिला 22 ला परवानगी द्यायला सांगायचं, मगच ती चालू करायची. क्रम उलटला तर नवी जोडणी म्हणून येणारा पहिला माणूस आपणच असतो, आणि तो बाहेरच राहतो.

फायरवॉलच्या आधी आत काय काय ऐकत बसलं आहे याची यादी काढली. एका आदेशात सगळे उघडे पोर्ट दिसतात. वेबसाइटसाठी 80 आणि 443 हवेत, आपल्याला आत यायला 22. पण डेटाबेस 3306 वर बसलेला होता. बाहेरच्या जगाला माझ्या डेटाबेसशी थेट बोलायची गरज आहे का? नाही. तो फक्त सर्व्हरच्या आतच बोलेल असं करून ठेवलं. मेल पाठवणारा एक प्रोग्राम होता. आम्ही मेल पाठवतच नाही, तो काढला. शेवटी तीनच पोर्ट उरले.

फेलटूबॅन हे नाव मी यूट्यूबवर ऐकलं होतं आणि मला तोच रामबाण वाटायचा. तो नोंदवही वाचत बसतो. दहा मिनिटांत पाच वेळा कोणी चुकलं की त्या पत्त्याला दहा मिनिटं बंदी. हे त्याचे मूळचे आकडे, वाढवता येतात. मी उत्साहानं लावला. भाचा म्हणाला, "लावा, पण गैरसमज नको. पासवर्ड बंद आहे, मग ते लाख वेळा चुकले तरी काय फरक पडते? बंदीनं नोंदवहीतला कचरा कमी होते, खरी ओळ डोळ्यात येते, एवढाच फायदा." माझा रामबाण झाडू निघाला. पण झाडूही दुकानात लागतोच.

पुढे साइटला नाव घेतलं, आणि त्यासोबत कुलपाचं चिन्ह दाखवणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून ते फुकट देते. 90 दिवसांची मुदत. संपण्याआधी सर्टबॉट नावाचा प्रोग्राम आपोआप नवं आणतो. या प्रमाणपत्रामुळे साइट सुरक्षित झाली असं मी समजत होतो. त्यानं फक्त वाट सुरक्षित होते: मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत मधे कोणी वाचू शकत नाही. सर्व्हरच्या आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट प्रमाणपत्र निघालं की साइटचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं, आणि त्या नोंदीवर नजर ठेवून बसलेले प्रोग्राम लगेच हजर होतात.

झालेही. वेबच्या नोंदवहीत मागण्या सुरू झाल्या. डब्ल्यूपी-लॉगिन डॉट पीएचपी दाखवा. पीएचपीमायॲडमिन दाखवा. डॉट ईएनव्ही दाखवा. डॉट गिटच्या आतली कॉन्फिग दाखवा. आमची साइट वर्डप्रेसवर नाहीच, त्यामुळे प्रत्येकाला 404, सापडत नाही, हे उत्तर. पण डॉट ईएनव्हीवर मी थबकलो. त्या फायलीत डेटाबेसचा पासवर्ड असतो आणि आमच्याकडेही ती होती. नशीब म्हणण्यापेक्षा भाच्याची शिस्त म्हणा, ती वेबवर दिसणाऱ्या फोल्डरच्या बाहेर होती. साइटच्या फायलींना 777 परवानगी द्या म्हणजे सगळं चालेल, असा सल्ला मला एका व्हिडिओनं दिला होता. चालतं, कारण मग कोणीही त्या फायलीत काहीही लिहू शकतो. फोल्डरला 755, फायलींना 644 आणि गुपिताच्या फायलीला त्याहूनही कमी, एवढ्यावर काम भागतं.

अपडेटचं काम मला अगदीच अळणी वाटलं होतं, 2017 चं इक्विफॅक्स प्रकरण कळेपर्यंत. अमेरिकेतली ही कंपनी लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवते. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या एका भोकावर मार्चमध्येच दुरुस्ती निघाली होती. कंपनीनं ती सगळीकडे लावली नाही. मे महिन्यात चोर तिथूनच शिरले आणि सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली. दुरुस्ती फुकट होती. तेव्हापासून सर्व्हर सुरक्षेच्या दुरुस्त्या रात्री आपोआप घेतो. फक्त कर्नल, म्हणजे उबंटूचा गाभा, बदलला की सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, ते मी सोमवारी दुकान उघडायच्या आधी करतो.

इथपर्यंत सगळे शत्रू परके होते. खरी गंमत साइटवरच्या टोकनच्या चौकटीपाशी आली. साइट लोकांपुढे जायच्या आधी भाच्यानं तिथे टोकनच्या जागी एक एकेरी अवतरणचिन्ह आणि पुढे 'ऑर 1=1' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. कारण समजावलं ते असं: प्रोग्राम डेटाबेसला विचारतो, 'ज्याचा टोकन अमुक, ती नोंद दे.' लोकांनी लिहिलेलं जसंच्या तसं त्या प्रश्नात चिकटवलं, तर प्रश्नच बदलतो: 'टोकन अमुक असेल किंवा एक बरोबर एक असेल, तर दे.' एक बरोबर एक नेहमीच असतो. सगळ्या नोंदी बाहेर. ही युक्ती 1998 पासून जाहीर आहे आणि अजून चालते. उपाय असा की प्रश्न आधी पक्का करायचा आणि लोकांचा मजकूर नुसती किंमत म्हणून वेगळा पाठवायचा. आमच्या चौकटीनं त्याला 'असा टोकन नाही' म्हणून परत पाठवलं.

मग त्यानं विचारलं, "मामा, टोकन 41 वाल्यानं 42 टाकून पाहिला तर?"

हे मात्र मला त्याच्यापेक्षा जास्त कळलं. पाहणारच! घाटंजी तालुक्यात कोणाचा अर्ज मंजूर झाला, कोणाचा अडला, जावेला पैसे आले का, हे जाणून घेण्यात कोणाला रस नाही? त्यासाठी हॅकर लागत नाही, काकू पुरते. जगभरच्या वेबसाइटच्या दोषांची यादी करणाऱ्या ओवास्प या संस्थेनं 2021 च्या यादीत पहिला क्रमांक यालाच दिला आहे: ज्याला जे पाहायचा हक्क नाही ते त्याला दिसणं. आता टोकन ओळीचा नसतो, अक्षरं-आकड्यांची लांब सरमिसळ असते, आणि सोबत मोबाइलचे शेवटचे चार आकडे लागतात. वारंवार चुकीचं टाकलं तर थोडा वेळ थांबावं लागतं. फेलटूबॅनचा खरा उपयोग मला इथे झाला.

राहिला प्रश्न डेटाचा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बातमी इथल्याही लोकांच्या लक्षात आहे. 11 ऑगस्ट 2018 ला काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, 13 तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली. एकूण 94 कोटींच्या वर. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती आणि ती सगळ्याला हो म्हणत होती. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. ते चोर त्या बँकेसाठीच आले होते. माझ्याकडे कोण कशाला येईल, असं मी म्हणालो.

"तुमच्याकडे आधार किती आहेत?" भाच्यानं विचारलं.

साइटवर कागद चढवायची सोय करावी, म्हणजे गिऱ्हाइकाला पुन्हा कागद आणावे लागणार नाहीत, असा माझा बेत होता. आधार, पासबुक, रेशन कार्ड, फोटो, सही. एकेका बाईचं सगळं एकत्र, नावासकट. बँक फोडण्यापेक्षा हे सोपं, आणि या कागदांवर कोणाच्याही नावानं सिम किंवा कर्ज काढायचा प्रयत्न होऊ शकतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो आकडा माझ्यासाठी नसणार, पण त्यातला शेवटचा एक टक्काही माझ्या दुकानाला पुरून उरेल.

"हे लागते का आपल्याले?" हाच प्रश्न पुन्हा. अर्जाची स्थिती सांगायला आधार लागत नाही. टोकन, मोबाइलचे चार आकडे, योजनेचं नाव, आणि 'मंजूर', 'प्रलंबित' किंवा 'त्रुटी'. नावसुद्धा लागत नाही. कागद चढवायची सोय आम्ही बांधलीच नाही. जिथे कागद दाखवणं भागच आहे तिथे, योजना चालवून घेत असेल तर, शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार मी आता मागतो.

बाकी नेमानं करायच्या दोन गोष्टी. रोज रात्री डेटाबेसची प्रत निघते आणि आठवड्याला एक प्रत दुकानातल्या डिस्कवर येते. ती डिस्क एरवी यंत्राला जोडलेली नसते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा जोडून ठेवलेल्या प्रतीही त्यात गेल्या. प्रत परत चढवून चालते का तेही अधूनमधून पाहावं लागतं. दुसरं म्हणजे नोंदवही. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेनं 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांत सायबर घटना 6 तासांत कळवायला आणि नोंदी 180 दिवस ठेवायला सांगितलं आहे. उबंटू मूळच्या मांडणीत त्या महिन्याभरानं पुसतो; मी मुदत वाढवून घेतली. ठोठावणं अजून रोज चालू आहे. ॲडमिन, टेस्ट, रूट. मी आता चहा घेता घेता वाचतो.

मध्यंतरी पांढरकवड्याचा ओळखीचा एक दुकानदार आला. त्यालाही अशीच साइट करायची आहे. वही-पेन घेऊन बसला, "सांग भाऊ, कोणकोणते सॉफ्टवेअर टाकू?" मी म्हटलं, "आधी तुह्या दुकानातल्या पीसीवरचं डाउनलोड्सचं फोल्डर उघडून दाखव." त्यानं फोनवरून पोराला उघडायला लावलं आणि स्क्रीनचा फोटो मागवला. आधार, आधार वन, आधार टू, पासबुक फायनल, रेशन न्यू. खाली सरकवत जावं तशा वर्षानुवर्षांच्या फायली. वहीत पहिल्या ओळीत त्यानं लिहिलं: 'पुसणे.' आणि मी सांगितलं म्हणून कंसात, 'रिसायकल बिनसकट.'